इस्लापूरची भाऊबीज

इस्लापूर म्हटले की ऐकणारा माणूस त्यात हमखास आपल्या पदरचे काहीतरी घालतो किंवा काढून घेतो. कोणाला ते सांगलीकडचे इस्लामपूर वाटते, तर कोणाला पैनगंगेवरच्या धरणाचे इसापूर. माझ्या आक्काचे लग्न १९८६ साली या गावी झाले, आणि पहिली दोनतीन वर्षे आम्ही तिला टाकलेली पत्रे निम्म्या महाराष्ट्राची यात्रा करून मग तिच्या हाती पडत. एक दिवाळीचे पत्र तर संक्रांतीला पोचले. तेव्हापासून आमचे वडील पत्त्यातल्या गावाच्या नावाखाली दोन रेघा ओढीत, ‘तालुका किनवट, जिल्हा नांदेड’ असे टपोऱ्या अक्षरांत लिहीत आणि वर ‘सहस्रकुंडाजवळ’ अशी पुस्ती जोडीत.

वास्तविक हे गाव इतके अनोळखी राहावे असे काही नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याचे नाव आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात नव्या मुंबई राज्यात हैदराबाद संस्थानचा कोणकोणता मुलूख यायचा याची यादी दिलेली आहे. औरंगाबाद, परभणी, बीड अशा बड्या जिल्ह्यांच्या पंगतीत अगदी शेवटी, आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्याचे एवढेसे इस्लापूर सर्कल बसलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सर्कल आपल्या तालुक्यापासून तुटले. बोथ तिकडे तेलुगू मुलखात राहिले, इस्लापूर इकडे आले. पण माणसांच्या सोयरिकी, बाजार आणि बोली काही सरकारी गॅझेट वाचून चालत नाहीत. आजही या भागात एकाच बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी, बंजारा आणि दखनी उर्दू अशा पाच बोली कानांवर पडतात, आणि दुकानदाराला पाचांतही ‘उद्या देतो’ म्हणजे काय ते कळावे लागते.

नांदेडहून मुदखेड, तिथून आदिलाबादचा फाटा. भोकर, मग हिमायतनगर, ज्याला जुनी माणसे अजून वाढोणाच म्हणतात, आणि पुढे सहस्रकुंड नावाचे स्टेशन. मी लहान असताना ही मीटर गेज होती. आईच्या मांडीवर बसून आक्काला आणायला जाताना गाडी इतकी सावकाश चाले की, सागाची पाने हात घालून तोडता येतील असे वाटे. पुढे रूळ रुंद झाले, गाडीला वेग आला आणि साग मागे सरकला. सरकारी नोकरांत मात्र किनवट भागाची बदली ही अजूनही शिक्षाच समजली जाते. आमची आईही गमतीने म्हणे, ‘माझी लेक मी रानात दिली.’ वडील रागावत. स्थळ त्यांनी पाहिलेले होते. मुलाचे गावात किराणा दुकान होते, सहा एकर रान होते, बैलजोडी होती आणि माणूस निर्व्यसनी होता. यापलीकडे १९८६ सालचा बाप काय पाहणार?

आक्का २०२४ च्या वैशाखात गेली. वय अठ्ठावन्न. दुपारी दुकानात बसलेली असताना छातीत कळ आली, दाजींनी जीप केली, आणि नांदेडच्या वाटेवर भोकरच्या अलीकडेच सगळे संपले.

मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवितो. विलापिका हा काव्यप्रकार दरवर्षी शिकवावा लागतो. रेव्हरंड टिळकांचे ‘बापाचे अश्रू’ असो की गोविंदाग्रजांचे ‘राजहंस माझा निजला’, सगळीकडे एक गेलेला आणि एक शोक करणारा अशी मांडणी असते. वर्गात ती मुलांना पटते, मलाही पटत असे. घरातला प्रकार निराळा असतो. घरात एकच माणूस मरते, पण प्रत्येकाचे वेगळेच कोणीतरी मेलेले असते. आईची ती थोरली लेक. दाजींची अडतीस वर्षांची सोबत. भाचीची आई. आणि माझी ती पहिली मास्तरीण, जिने आमच्या ओट्यावर खडूने ‘ग’ काढून तो मला चाळीस वेळा गिरवायला लावला होता. ही सगळी माणसे एकाच मांडवाखाली बसून निरनिराळ्या माणसांसाठी रडत असतात, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात वाटत असते की, खरे गेले ते माझे. बाकीच्यांचे ठीक आहे.

मग दुसऱ्याच्या रडण्याची मापे काढणे आले. आमच्या दादाने तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस काढले नाही. तो मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक, गॅसचे कार्ड यांची फाइल करीत बसला होता. वहिनींना ते भयंकर वाटले. वहिनी प्रत्येक फोनवर नव्याने रडत. दादाला ते भयंकर वाटले. पुण्याला नोकरीस असलेल्या भाच्याने आईचा फोटो आपल्या फोनवर लावला आणि तीन दिवसांनी काढून टाकला. दोन्ही वेळा कोणीतरी नाक मुरडलेच. शेत वाटायचे तर तलाठी असतो, भांडी वाटायची तर चार पंच असतात. दुःखाचा सातबारा कोणाच्या नावावर लावायचा हे मात्र कोणी सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा अस्थींवरून बोलणे निघाले. दादाचे म्हणणे, ती नांदेडात जन्मली, तेव्हा गोदावरीच. दाजी एवढेच म्हणाले, ‘इथं सहस्रकुंड आहे.’ अखेर दोन मडकी झाली. एक आमच्याबरोबर नांदेडला आले, दुसरे पैनगंगेवर गेले.

‘सावडणे’ या शब्दाचा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. मराठी कोशात त्याच्या शेजारीच ‘सावड’ हा शब्द बसलेला आहे. एकेक बैल असलेले दोन शेतकरी बैल जोडून आज तुझे रान, उद्या माझे रान नांगरतात, ती सावड. पैसे मोजायचे नाहीत, पाळी फेडायची. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत की नाहीत याचा काथ्याकूट भाषाशास्त्रज्ञांनी करावा. मी तिथे स्मशानात पाहिले ते एवढेच की, दाजींबरोबर राख सावडायला जे चौघे वाकले होते, त्याच चौघांनी पुढे मृगात त्यांचे सहा एकर रान सावडीने पेरून दिले. दाजी त्या दिवसांत अंगणात बसून होते. कोणी त्यांना उठा म्हणाले नाही.

पण तेराव्याला एक शब्द निसटला. पंगत उठल्यावर आई दाजींना म्हणाली, ‘माझी लेक रानात नसती, तर वाचली असती.’ दाजींनी मान खाली घातली. आई त्यांच्याकडे न पाहता जीपमध्ये बसली. पुढे सहा महिने दोघांत बोलणे नव्हते. दाजींचा फोन आला की आई देवघरात जाई.

आमच्याकडे माणूस गेल्यानंतरचा पहिला सण कडू असतो. घरात तळण नाही, दाराला तोरण नाही. मग सोयऱ्याधायऱ्यांनी जायचे, दुखवट्याचे कापड न्यायचे, शिजवलेले गोडधोड पुढ्यात ठेवून त्या घरच्यांना खायला लावायचे आणि दुखवटा काढायचा. सुधारक मंडळी या चालीला नावे ठेवतात, आणि आहेराचा जमाखर्च पाहिला म्हणजे मलाही कधी कधी ती नको वाटते. मात्र तिच्या मुळाशी असलेली समजूत मला शहाणपणाची वाटते. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याने पुन्हा गोड खायला कधी सुरुवात करावी, हे त्याचे त्याला ठरविता येत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी ठरवावे लागते.

दिवाळी आली. इस्लापूरला जायचे ते आम्ही दोघे भाऊ आणि वहिनी, असे ठरले होते. आदल्या रात्री आईने आपली पिशवी भरून दारात आणून ठेवली. तिचे वय ब्याऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले. दादाने समजावून पाहिले.

‘मी काय चालत जायलेय का?’ आई म्हणाली. ‘रेल्वे हाय की.’

पाडव्याच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, आम्ही पोचलो. वाटेत दोहो बाजूंना कापूस फुटलेला, सोयाबीन निघून गेलेली रिकामी राने आणि मधूनमधून सागाचे पट्टे. दाजींच्या घराला आकाशकंदील नव्हता, हे अपेक्षितच होते. पण त्या सबंध बोळातच फटाक्याचा एक कपटा पडलेला दिसेना. शेजारची मुले पलीकडच्या चौकात जाऊन फटाके उडवीत होती. त्यांना तसे कोणी सांगितले होते, की त्यांचे त्यांनाच कळले, कोण जाणे.

आई ओट्यावर टेकली. दाजींनी पाण्याचा तांब्या आणून खाली ठेवला, हातात दिला नाही. आईने तो उचलला. एवढ्यात तांड्यावरची एक बंजारा बाई डोईवरचा सरपणाचा भारा रस्त्यातच टाकून धावत आली. आक्काची आई आल्याची बातमी तिला कोणीतरी दिली होती. तिने आईच्या गळ्याला मिठी घातली आणि सुरात रडायला आरंभ केला. बंजारा स्त्रिया अशाच रडतात. ते रडणे म्हणजे एक प्रकारचे गाणेच असते. त्यात चाल असते, ठेका असतो, गेलेल्याची आठवण एकेका ओळीत गुंफलेली असते. आई प्रथम लाकडासारखी ताठ बसून राहिली. मग तिचा हात त्या बाईच्या पाठीवर गेला. आणि मग सहा महिन्यांत जे आम्हा कोणाला ऐकू आले नव्हते ते ऐकू आले. आई हेल काढून रडू लागली. ‘अगं माझ्या शहाण्या लेकी’पासून सुरू करून तिने आक्काचे सगळे गुण गाइले: चौथीत पहिली आली ते, वडिलांच्या दुखण्यात रात्री जागली ते, हाताला चव होती ते. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पण जिथे एकीचा श्वास सरे तिथे दुसरी धरी.

दादा खाली पाहत होता. मी पाहिले ते दाजींकडे. ते दुकानाच्या फळीला टेकून उभे होते आणि दोघींचे ऐकत होते. दोन्ही भाषा कळणारे तिथे तेवढेच एक होते.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून केला. एक लाखाहून अधिक ओव्या त्यात आहेत. त्यांत आईबापांच्या, भावाबहिणींच्या ताटातुटीवर किती तरी आहेत. मी त्या वर्गात वाचून दाखवितो. पण दोघींनी समोरासमोर बसून जाते ओढल्याखेरीज त्यांचा निम्मा अर्थ निघत नाही, हे त्या ओट्यापाशी उभे राहून माझ्या ध्यानात आले. विलापिका लिहिणारा एकटा असतो. बाया एकट्या रडत नाहीत. त्या जोडी जमवितात.

दुपारी आम्ही सहस्रकुंडाला गेलो. इस्लापूरहून काही किलोमीटरवर पैनगंगा एका काळ्या पाषाणाच्या पट्ट्यावरून खाली पडते. पडते म्हणण्यापेक्षा फुटते म्हणावे. सबंध पात्र एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत खडकांनी चिरलेले आहे, आणि प्रत्येक चिरेतून पाण्याची एकेक धार निराळी होऊन खालच्या डोहात उडी घेते. म्हणूनच हे सहस्र कुंडांचे नाव. पावसाळ्यात पूर असताना या हजार धारांची एकच भिंत होते, तिचा आवाज फार लांबवर जातो आणि तुषारांनी काठावरचा माणूस भिजून निघतो. उन्हाळ्यात इथे नुसते काळे दगड आणि त्यांच्या पोटातले रांजणखळगे दिसतात. आम्ही गेलो तेव्हा कार्तिक लागलेला. पाणी बेताचे, स्वच्छ. धारा मोजता याव्यात अशा. ही नदी म्हणजे एकेकाळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सरहद्द. आज एका काठाला नांदेड जिल्हा, दुसऱ्या काठाला यवतमाळ. काठावर महादेवाचे देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांवर आईला बसविले.

दाजींनी लांबूनच बोट करून जागा दाखविली. दोन खडकांमधल्या एका अरुंद धारेत त्यांनी मडके रिते केले होते. वैशाखात सगळीकडचे पाणी आटलेले असताना तेवढीच धार चालू होती, असे भाची म्हणाली.

आई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग कोणाला उद्देशून नव्हे, अशी तिने माहूरची कथा सांगायला सुरुवात केली. माहूर याच नदीच्या अंगाने पुढे, किनवटच्या पलीकडे. पूर्वी ते किनवट तालुक्यातच होते. रेणुकेचे ठाणे म्हणून सबंध महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. पण ती मुळात एका मुलाच्या शोकाची कथा आहे, हे आपण नवस बोलताना विसरतो. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारले. परशुरामाने कावड केली. एका पारड्यात बापाचे शव, दुसऱ्यात आई, आणि कोरी भूमी शोधीत तो निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी त्याच्याकडून अंत्यविधी करविले. रेणुका सती गेली. परशुराम आईसाठी आक्रोश करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली की, आई जमिनीतून वर येईल, तू मागे पाहू नकोस. त्याने पाहिले. तोवर मुखच वर आले होते. तेवढेच राहिले. आज गाभाऱ्यात आहे ते हेच मुख.

माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हणालो, ‘पण आई, जमदग्नींना पाच मुलगे होते. परशुराम सगळ्यांत धाकटा. कावड वाहताना बाकीचे चौघे कुठं होते?’

आईने माझ्याकडे असे पाहिले की, विद्यापीठाची पदवी खिशात घालून ठेवावी.

‘कावड एकाच खांद्यावर बसती रे,’ ती म्हणाली. ‘बाकीचे चालत असतील की संगं. चालणाऱ्याचं नाव कोण पोथीत लिहितंय?’

नंतर थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘उलसा धीर धरला असता त्यानं, तर सगळी आई मिळाली असती.’

मागे उभे असलेले दाजी बोलले. आम्ही सगळेच दचकलो.

‘मामी,’ ते म्हणाले, ‘त्या वेळी कुणाला धरवतो धीर?’

आईने उत्तर दिले नाही. पण उठताना तिने आधारासाठी हात पुढे केला, तो दाजींच्या बाजूचा होता. दाजींनी तो धरला.

रात्री एक गोंड शेतकरी दुकानाच्या मागल्या दाराने आला. टोपलीभर सीताफळे त्याने ठेवली आणि दाजींशी गोंडीत दोन वाक्ये बोलून तो गेला. काय म्हणाला, असे आईने भाचीला विचारले. उत्तर दाजींनी दिले. ‘तो विचारतो, बाई देवात मिळाली का.’ गोंडांच्या समजुतीत गेलेला माणूस आपल्या कुळाच्या थोर देवाला, पेर्सा पेनला, जाऊन मिळतो. त्यासाठी सोयऱ्यांना जमवून विधी करतात. परधान किंगरी वाजवून कुळाच्या कथा गातो. ते सारे पार पडेपर्यंत गेलेला धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

आणि मग आमचे अबोल दाजी, अडतीस वर्षांत ज्यांच्या तोंडून मी सलग चार वाक्ये ऐकली नव्हती, ते बोलू लागले. माल आणायला ते पूर्वी आदिलाबादला जात. एका जानेवारीत ओळखीच्या गोंडांबरोबर ते तसेच पुढे मारलवाईला गेले होते. हे गाव तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच. एकेकाळी इस्लापूरही त्याच जिल्ह्यात होते. मारलवाईला हायमेंडॉर्फ नावाचे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ १९४० नंतरच्या दशकात झोपडी बांधून राहिले होते. गोंडांवर त्यांनी ग्रंथ लिहिले आणि निजामाच्या सरकारकडे रदबदली करून त्यांच्यासाठी शाळा सुरू करविल्या. पत्नी एलिझाबेथ, जिला सगळे बेट्टी म्हणत, बरोबरच असे. ती १९८७ च्या जानेवारीत हैदराबादला वारली. तिला लंडनला नेले नाही. मारलवाईला आणून गोंडांच्या रीतीने पुरले. हायमेंडॉर्फ १९९५ साली लंडनला गेले. त्यांची राख त्यांच्या मुलाने २०१२ साली मारलवाईला आणली आणि बेट्टीच्या शेजारी ठेवली. दरवर्षी जानेवारीत तिथे लोक जमतात.

हे सारे दाजींनी माझ्याइतके सनावळीने सांगितले नाही. सनावळी माझी आहे. ते म्हणाले, ‘मोठी माणसं होती. कुठंही नेता आलं असतं.’

आई म्हणाली, ‘तिलाच तिथं ऱ्हायाचं होतं का?’

‘तसं सांगून ठेवलं होतं म्हणे.’

बऱ्याच वेळाने आईने विचारले, ‘आमच्या आक्कानं काही सांगून ठेवलं होतं?’

दाजी सीताफळे टोपलीतून काढून एकेक करून पाटीत मांडीत होते. ‘सांगायला वेळ कुठं होता, मामी,’ ते म्हणाले. ‘पण तुमचे मामा गेल्यावर ती म्हणाली होती एकदा, आता नांदेडला मी पाव्हणी.’

‘लाइट बंद करा आता,’ आई म्हणाली. ‘पोरींना झोपू द्या.’

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भाऊ नसलेल्या बहिणीसाठी आपल्या शास्त्राने सोय करून ठेवलेली आहे. तिने चंद्राला ओवाळावे. बहीण नसलेल्या भावाने काय करावे याबद्दल कुठेच काही सांगितलेले नाही. मी आणि दादा सकाळपासून बाहेरच्या ओट्यावर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचीत होतो.

दाजींची थोरली बहीण नदीपलीकडे, उमरखेड तालुक्यात दिली आहे. दरवर्षी ती भाऊबिजेला येते. यंदा न ओवाळता नुसते भेटून जाईन, असे तिने कळविले होते. ती दहाच्या सुमाराला एसटीने आली. आत आई तिच्याशी काय बोलली ते आम्हाला कळले नाही. थोड्या वेळाने तिने आतून हाक मारली, ‘मामासाहेब, दोघं बी आत या.’ आत तीन पाट मांडलेले होते. मधल्यावर दाजी बसले होते. तिने आधी त्यांना ओवाळले आणि मग तेच ताट, तीच सुपारी घेऊन ती दादापुढे बसली, नंतर माझ्यापुढे. कुंकू लावताना तिचा अंगठा खरखरीत लागला. कापूस वेचणाऱ्या हातांचा. ‘वहिनीची पाळी हाय,’ ती सहज म्हणाली, ‘ती मी काढते यंदा.’

दादाने पाकिटातून पाचशेची नोट काढून ताटात घातली. मग शंभराची घातली. मग पाकीटच हातात धरून बसला. फाइली करणारा आमचा दादा रडला तो असा, पाटावर बसून, ओवाळून झाल्यावर. वहिनींनी त्याच्याकडे पाहिले आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या. मला वाटते, त्या घटकेपासून त्या नवराबायकोंचे एकमेकांबद्दलचे गाऱ्हाणे मिटले.

दुखवट्याचे कापड रीतीप्रमाणे दादाने द्यायचे होते. आईने ते आपल्या पिशवीतून काढले ते कोणाच्याही हाती दिले नाही. धोतरजोडी, टोपी, भाचीला साडी, भाच्याला शर्टाचे कापड. तिने दाजींना पुन्हा पाटावर बसविले, डोक्याला टोपी घातली आणि पुरणपोळीचा तुकडा मोडून पुढे केला. ‘घ्या, जावईबापू.’ दाजी म्हणाले, ‘मामी, तुम्ही आधी.’ आई म्हणाली, तुम्ही. दाजी म्हणाले, तुम्ही. पोळीचा तुकडा दोघांच्या मध्ये तसाच. शेवटी भाची पुढे आली, तिने पोळी तोडून सगळ्यांच्या हातावर एकेक घास ठेवला आणि म्हणाली, ‘आता सगळ्यांनी एकदम.’

आमची परतीची गाडी चार तारखेला होती. सकाळी आईची पिशवी दारात नव्हती.

‘मी ऱ्हाते,’ ती म्हणाली.

कारण तिने चोख काढले होते. ज्या चौघांनी मृगात दाजींचे रान पेरले, त्यांची हरभऱ्याची पेरणी आता तोंडावर आली होती. पाळी फेडायची, तर दाजींना बैल घेऊन आठपंधरा दिवस चौघांच्या रानांत जाणे भाग होते. भाचा पुण्याला, भाची शिकायला छत्रपती संभाजीनगरला निघून जाणार. मग दुकानात कोण बसणार? दादाने गुडघ्यांचे नाव काढले, गोळ्यांचे काढले. ‘गोळ्या ठिवून जा,’ आई म्हणाली, ‘आन् बसायला गुडघे कशाला लागतात?’

आठ दिवसांनी तिचा फोन आला. वाचायचा चष्मा नांदेडलाच राहिला होता, तो तिला हवा होता. आक्काची उधारीची वही सापडली आहे, म्हणाली. आक्काने तीत कोणाचेच धड नाव लिहिलेले नाही. ‘पिवळ्या लुगड्याची’, ‘सायकलवाला’, ‘नदीकडचा म्हातारा’, ‘दोन पोरींचा बाप’ अशा खुणा करून रकमा मांडल्या आहेत. रात्री दाजी रानातून आल्यावर एकेक ओळ वाचून दाखवितात आणि कोण ते सांगतात. काही लोक आपण होऊन येऊन फेडून जातात. सरपणवालीचे एकशेदहा रुपये आईने खोडून टाकले.

‘माणसं आता ओळखू यायलेत,’ ती म्हणाली. ‘पण बारीक लिहिलंय लई पोरीनं.’

दुसऱ्याच दिवशी किनवटकडे निघालेल्या एका ओळखीच्या शिक्षकांबरोबर मी चष्मा पाठवून दिला.